भिंतीला बुरा चढला, मालक म्हणतात कूलर तुमचा, निस्तरा तुम्हीच

झाडीतला_मास्तर | १४ जुलै, रात्री १०:५०

नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहायची वेळ आली.

ब्रह्मपुरी तालुक्यात वैनगंगेकाठी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मुख्यालयी राहायचं म्हणून मार्चमध्ये गावातच दोन खोल्या आणि स्वयंपाकघर किरायाने घेतलं. महिना ३,०००, डिपॉझिट १०,०००. घेतलं तेव्हा फिक्कट पिवळा नवा डिस्टेंपर होता. बायको म्हणाली, घर कसं उजळ आहे.

गेल्या आठवड्यात सहा दिवस झड लागली होती. काल लोखंडी कपाट पुढे ओढलं तर मागे काळ्या ठिपक्यांचा नकाशा. माझ्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी लव. शालेय पोषण आहाराचं रजिस्टर भिंतीला टेकून ठेवलं होतं, ते उचललं तर पुठ्ठा भिंतीलाच राहिला. चार वर्षांची मुलगी रात्री दोन-अडीचला खोकत उठते, दिवसा ठणठणीत असते.

मालक काकांना दाखवलं. स्वभावाने वाईट नाहीत, पण म्हणाले, "मास्तर, उन्हाळाभर तुम्ही कूलर चालवला, ते पानी भिंतीनं पेलं. सोडतानी रंगाचे पैसे डिपॉझिटातून कापीन." आम्ही येण्याआधी घर चार महिने रिकामंच होतं, मग हा रंग अगदी मार्चमध्येच का काढला होता, हे आता डोक्यात फिरतंय.

करार अकरा महिन्यांचा, स्टॅम्पवर लिहिलेला. नोंदणी नाही. त्यात एक ओळ आहे: "खोलीची सर्व देखभाल किरायदार करील." खरंच माझी चूक आहे का?

ठेचाभाकर | १४ जुलै, रात्री ११:१५

मास्तर, थ्या बुऱ्याले गावसभेचा दाखला द्या बरं. तुमच्या शाळेत थोच एकटा खरा मुख्यालयी राह्यते.

बेंबळाकाठ | १५ जुलै, सकाळी ७:०५

हसण्यावारी नेऊ नका, मी मालकाच्या बाजूने लिहितो. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझ्या तीन खोल्या किरायाने असतात. मागच्या किरायदाराने मच्छर येतात म्हणून वरच्या जाळीला प्लास्टिक ठोकलं. कपडे खोलीत दोरीवर. कूलरच्या टाकीचा बोळा सैल, पाणी थेंबथेंब खिडकीच्या कट्ट्यावर आणि तिथून भिंतीत. मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "हो काका." गेले तेव्हा कूलरखालचा गिलावा हाताने निघत होता. मिस्त्री, रेती, सिमेंट, रंग मिळून १४,००० गेले. महिन्याला २,५०० किराया घेणाऱ्या माणसाने ते कुठून आणायचे? ऑनलाइन वाचलं की प्रत्येक मालक राक्षस वाटतो.

मास्तर, कूलरची टाकी तुम्ही कुठे ठेवली होती ते खरं सांगा.

झाडीतला_मास्तर | १५ जुलै, दुपारी १:४०

काका, खरंच सांगतो. झोपायच्या खोलीच्या खिडकीत, बाहेरच्या बाजूने स्टँडवर. टाकी गळत नव्हती. पण जूनमध्ये पाऊस आल्यावरही उकाड्यामुळे रात्री चालवत होतो, आणि मच्छरांमुळे दार-खिडकी बंद, हेही खरं. बुरा मात्र दोन ठिकाणी आहे. एक त्या खोलीच्या कोपऱ्यात छताजवळ, दुसरा समोरच्या खोलीत गल्लीकडच्या भिंतीला खालून मांडीपर्यंत. तिथे कूलर कधी नव्हताच.

ओळंबा | १५ जुलै, रात्री ९:२०

तुमचं हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. सिव्हिलचा डिप्लोमा, तीस वर्षं वर्धा जिल्ह्यात बांधकामावर गेली, म्हणून लिहितो.

बुरशीवरून भांडू नका, पाण्यावरून भांडा. बुरशीचे बीजकण हवेत सगळीकडे असतात, त्यांना फक्त ओल लागते. ओल तीन वाटांनी येते. वरून: स्लॅब, कवेलू, पॅरापेटची भेग, फुटका पाइप. खालून: जमिनीतलं पाणी विटा शोषून घेतात, वात तेल ओढते तसं. आणि हवेतून: बंद खोलीतली वाफ थंड भिंतीवर बसते. पहिल्या दोन वाटा घराच्या, म्हणजे मालकाच्या. तिसरी बहुतेक राहणाऱ्याची. बहुतेक म्हणतो, कारण खोलीला वाऱ्याची वाटच ठेवली नसेल तर किरायदाराने काय तोंडाने फुंकायचं?

कूलर आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ठीक. तो हवेत पाणीच मिसळतो. हवा आधीच ओली असताना, खिडक्या लावून चालवला तर गारवा येत नाही, फक्त दमटपणा वाढतो. जूननंतर पाणी बंद, नुसता पंखा.

आता परीक्षा. एक फूट बाय एक फूट पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा. दोन्ही जागी एकेक. दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दिसले तर हवेतून. फोटो काढताना त्या दिवशीचा पेपर शेजारी धरा.

उपकेंद्र | १६ जुलै, सकाळी ८:३०

मी आरोग्य उपकेंद्रात आहे. सर, मुलीला आधी त्या खोलीतून हलवा, वाद मागाहून. रात्रीचा खोकला, शिट्टीसारखा श्वास असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि घरात ओल आहे हे आवर्जून सांगा. लोक सांगत नाहीत, मग फक्त खोकल्याचं औषध मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओल-बुरशीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात दमा आणि श्वासाच्या त्रासाशी संबंध स्पष्ट मांडलाय.

पुसताना नाकातोंडाला कापड बांधा, कोरडा झाडू मारू नका, कण उडतात. साबणाच्या पाण्याने ओलं पुसा. गावात विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर असते, काही जण तीच संडासाच्या ॲसिडमध्ये मिसळून भिंतीला लावतात. असं चुकूनही करू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

बाकी, सरकारी क्वार्टर तरी कोरडे असतात असं कोणी समजू नये. आमच्या इमारतीत दोन बादल्या कायमच्या मांडलेल्या आहेत, लसीकरणाच्या दिवशी तिसरी लागते.

वर्धा_ते_मँचेस्टर | १६ जुलै, दुपारी ४:१०

इकडे इंग्लंडमध्ये २०२० मध्ये रॉचडेल इथे सोशल हाउसिंगच्या, म्हणजे कमी भाड्याच्या सार्वजनिक घरांपैकी एका बुरशीभरल्या घरात दोन वर्षांचं मूल दगावलं. वडिलांनी पुन्हा पुन्हा तक्रार केली होती, त्यांना 'भिंत रंगवून घ्या' असं सांगितलं गेलं होतं. त्यावरून कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून सोशल हाउसिंगच्या मालकांना गंभीर ओल-बुरशीची तक्रार आली की १० कामाच्या दिवसांत तपासणी करावी लागते, तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हालचाल. आणि इथेही पहिलं उत्तर तेच असतं: तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे आत वाळवता.

ठेचाभाकर | १६ जुलै, दुपारी ४:३२

थ्याईच्याकडे दहा दिवस, आपल्याकडे दहा पावसाळे.

पळसफूल | १७ जुलै, रात्री १०:०५

जिल्हा न्यायालयात वकिली करते. कायद्याचं थोडं सविस्तर लिहिते, कारण शहरातले लेख वाचून गावातले लोक फसतात.

सगळे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम १४ सांगतात. त्यात घर नीट राखण्याची जबाबदारी मालकाची आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. तुमच्या हिशेबात वर्षाचे ३६,०००, म्हणजे ९,००० च्या आत. पण हा कायदा त्याच्या अनुसूचींत दिलेल्या भागांनाच लागतो. तुमचं गाव त्यात आहे का ते आधी बघा. शिवाय कागद 'लीव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवानगीचा, असेल तर तुम्ही त्या अर्थाने भाडेकरूच नाही.

अनुसूचीत नसलेल्या गावाला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याच्या कलम १०८ प्रमाणे, जी दुरुस्ती मालकाला बंधनकारक आहे ती त्याने नोटिशीनंतर वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू करून व्याजासह कापू शकतो. मेख 'बंधनकारक' या शब्दात आहे. करारात मालकावर काही टाकलेलं नसेल तर तिथे अडतं. उलट तुम्ही घर मिळालं त्या स्थितीत परत द्यायचं, नेहमीच्या वापराची झीज सोडून. म्हणून ती 'सर्व देखभाल'वाली ओळ वाईट आहे. माझ्या मते देखभाल म्हणजे बल्ब, नळाचा वॉशर, साफसफाई. भिंतीचा पाया त्यात येत नाही, पण हे भांडून सिद्ध करावं लागेल.

कलम १०८ चा पहिलाच खंड मात्र कामाचा आहे. सहज नजरेला न येणारा मोठा दोष मालकाला माहीत असेल तर त्याने सांगायलाच हवा. मार्चमधल्या ताज्या रंगाबद्दल तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगितलं.

किराया थांबवू नका. फोनपेने द्या, पावती घ्या. किराया थकला की मालकाची बाजू आपोआप बळकट होते. आणि केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा कोणी पुढे केला तर तो नमुना आहे हे लक्षात ठेवा, राज्याने स्वीकारल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. त्यात भिंतींची सफेदी आणि बांधकामाची दुरुस्ती मालकाकडे ठेवलीय, बोलणीत तेवढा दाखला द्यायला बरा.

बेंबळाकाठ | १८ जुलै, सकाळी ६:५०

ताई, तुमचं सगळं मान्य. पण गावात नोटीस पाठवली की दुसऱ्या दिवशी दूधवालाही तोंड फिरवतो.

पळसफूल | १८ जुलै, सकाळी ९:१५

म्हणूनच आधी व्हॉट्सॲपवर फोटोसह दोन साध्या ओळी लिहायच्या. 'काका, अमुक तारखेला ओल दिसली, कृपया पाहून जावे.' नोटीस शब्दाने लोक बिचकतात, या दोन ओळींचाही पुरावा होतो.

झाडीतला_मास्तर | १९ जुलै, रात्री ९:४५

परीक्षेचा निकाल आला. वह्यांना कव्हर घालायचं पारदर्शक प्लास्टिक वापरलं. गल्लीकडच्या भिंतीला टेप चिकटेचना, पोपड्यासकट खाली यायची. शेवटी पोपडे खरवडून, पंख्यासमोर तासभर वाळवून बसवली. दोन दिवसांनी पाहिलं. गल्लीकडच्या तुकड्याच्या आतून मोठे थेंब, खाली ओघळलेले, प्लास्टिक फुग्यासारखं सुटलेलं. झोपायच्या खोलीतला तुकडा आतून कोरडा, बाहेरून धुकट. बोटाने रेघ ओढली तर उमटली.

म्हणजे एक भिंत काकांची, एक माझी. जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण मनातल्या मनात मी सगळाच खटला जिंकून बसलो होतो.

ओळंबा | १९ जुलै, रात्री १०:३०

छान. झोपायच्या खोलीचा इलाज फुकट आहे. कूलर काढून ठेवा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, दुपारी पाऊस उघडला की दोन्हीकडच्या खिडक्या अर्धा तास उघडा, जाळी बसवून. दुसऱ्या भिंतीचे दोन फोटो पाठवा, एक आतून, एक गल्लीतून.

झाडीतला_मास्तर | २३ जुलै, रात्री ८:२०

फोटो टाकलेत. पण त्याआधी एक गोष्ट सापडली.

त्याच भिंतीत एक कोनाडा आहे, दोन लाकडी फळ्यांचा. रंगाऱ्याने त्याच्या आत ब्रश घातला नव्हता. फळी काढली तर आत माझ्या छातीच्या उंचीला मातकट रेघ, सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. रेघेखाली बारीक गाळ अजून चिकटलेला, नखाने काढला तर सुकलेल्या पिठासारखा पडला. शेजारच्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पुराचं पानी हाय बापू. तेव्हा या खोलीत डोंगा फिरला असता."

२०२० च्या ऑगस्टअखेरीचा वैनगंगेचा पूर. मी तेव्हा अमरावतीकडे होतो, फक्त बातम्यांत पाहिला होता. काकांनी कधी सांगितलं नाही.

पळसफूल | २३ जुलै, रात्री ९:००

मी म्हणत होते ते हेच. माहीत असलेला, रंगाखाली झाकलेला दोष. फोटो जपून ठेवा.

ओळंबा | २३ जुलै, रात्री ९:४०

ताई, थांबा. वकिलाला इथे विजय दिसेल, मला दिसत नाही. पुराचं पाणी भिंतीत इतकी वर्षं राहत नाही, एक-दोन उन्हाळ्यांत निघून जातं. आजच्या ओलीला पूर थेट जबाबदार नाही.

गल्लीतला फोटो बघा. सिमेंटचा रस्ता मास्तरांच्या जोत्याच्या चार-पाच इंच वर आहे. रस्त्याची पाटी किंवा तारीख दिसते का बघा, पुरानंतरचाच असणार. गावोगावी हेच चाललंय: दर निवडणुकीला जुन्या रस्त्यावर नवा थर, रस्ता चढतो, घरं बुडतात. त्यात पुराने टाकलेला गाळ रस्ता आणि भिंतीच्या मधल्या फटीत तसाच आहे. आता ती फट म्हणजे भिंतीला लागून कायम भरलेलं ताटच.

भिंत मातीच्या जोडाईची, जोत्यावर ओलरोधक थर नाही, जुन्या घरांत नसतोच. आणि आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा. ही आपल्याकडची सगळ्यात मोठी हौस. मातीची भिंत श्वास घेते, पाणी आलं तरी बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की पाणी कोंडतं आणि अजून वर चढतं. तो पांढरा लोणा, मिठासारखी पूड, त्याचीच खूण. वर कितीही महागाचा वॉटरप्रूफ रंग लावा, दोन पावसाळ्यांत फुगणार.

पळसफूल | २३ जुलै, रात्री १०:१०

कारण काहीही असो, भिंत ओली असते हे मालकाला माहीत होतं आणि सांगितलं नाही, एवढं माझ्या अशिलाला पुरतं.

ओळंबा | २३ जुलै, रात्री १०:१८

अशिलाला पुरेल, भिंतीला नाही.

ठेचाभाकर | २३ जुलै, रात्री १०:२५

मालक म्हणे किरायदार, किरायदार म्हणे मालक, अन् पानी सोडलं ग्रामपंचायतीनं. लै भारी. सरपंचाले बी घ्या धाग्यात.

झाडीतला_मास्तर | ११ ऑगस्ट, रात्री ९:५५

उशिराबद्दल क्षमस्व, मधे स्वातंत्र्यदिनाच्या कवायतीची तयारी होती.

काकांशी बोललो. प्लास्टिकचे दोन्ही तुकडे दाखवले. आधी माझ्या भिंतीचा दाखवला, म्हणालो, ही चूक माझी, रंग मी देतो. ते गप्प बसले. मग दुसरा दाखवला. मग कोनाडा. बराच वेळ त्यांनी फळी हातात धरून ठेवली. म्हणाले, "मास्तर, त्या पुरात माह्ये आठ पोते धान गेले, पंचनाम्यात घर 'अंशतः' लिहिलं. कोनाले सांगू, खोलीत पानी होतं म्हनून? किरायदार कोन येईन?"

मला राग यायला हवा होता. आला नाही, किंवा आला तो बोलता आला नाही.

गावच्या तंटामुक्त समितीकडे जायचा विचार सोडला, अध्यक्ष काकांचे चुलतभाऊ आहेत. पण तेच चहाला आले, आणि गंमत म्हणजे रस्त्याच्या मुद्द्यावर माझ्यापेक्षा जोरात बोलले, कारण त्यांच्याही घरात पाणी शिरतं. ग्रामसभेत नालीचा विषय मांडायचं ठरलंय. होईल तेव्हा होईल.

भिंतीचं असं ठरलं: बाहेरचा गाळ उकरून फूटभर खोल चर, उतार मागच्या सांदवाडीकडे. आतला सिमेंटचा गिलावा साडेतीन फुटांपर्यंत तोडायचा, येत्या उन्हाळ्यापर्यंत भिंत उघडी ठेवायची, मग चुन्याचा गिलावा. मजुरी आणि सामान आता मी देणार, तीन महिन्यांच्या किरायातून वळतं करणार. 'सर्व देखभाल' ही ओळ खोडून 'भिंत, छत, पाया मालकाकडे' असं लिहिलं. दोघांच्या सह्या, आजींचा अंगठा साक्षीला. पळसफूल ताई, तुम्हाला हसू येईल, पण कागद वहीचा आहे.

पळसफूल | १२ ऑगस्ट, सकाळी ८:००

हसणार नाही. पुढच्या वेळी करार नोंदवून घ्या, ग्रामीण भागात नोंदणी फी शहरापेक्षा कमी असते. आणि डिपॉझिटचं काय ठरलं? त्या कागदात ते दिसत नाही.

झाडीतला_मास्तर | १२ ऑगस्ट, दुपारी २:१५

तेवढं राहिलं. विचारायचा धीर झाला नाही.

बेंबळाकाठ | १२ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४०

आजच विचारा. मालक आत्ता नरम आहे, धान कापायच्या दिवसांत त्याला वेळ नसेल. माझ्या अनुभवावरून सांगतोय, आणि मी मालक आहे.

झाडीतला_मास्तर | २ ऑक्टोबर, रात्री ९:१०

शेवटची खबर. चर खोदला, पहिल्याच मोठ्या पावसात त्यातून पाणी वाहताना पाहून मुलगी टाळ्या वाजवत होती. उघड्या विटा खालच्या दोन थरांत अजून ओल्या, वरच्या हाताला कोरड्या लागतात. खोकला बराच कमी आहे, पूर्ण गेला नाही, दाखवणं चालू आहे. डिपॉझिटमधून रंगाचे २,००० माझ्या खोलीचे कापायचे, बाकी परत, असं काका तोंडी म्हणाले. मी तेच व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्यांनी होकाराचा अंगठा पाठवला.

परवा काका दारात आले. म्हणाले, "मास्तर, तो वहीचा चमकता कागद उरला काय? आमच्या देवघराच्या भिंतीले लावून पाहावं म्हनतो."

ओळंबा सर, कळीचा चुना इकडे जवळपास कुठे मिळेल? वडशात दोन दुकानांत विचारलं, दोघांनी पांढऱ्या सिमेंटची पिशवी पुढे केली.

ओळंबा | २ ऑक्टोबर, रात्री ९:४८

ती घेऊ नका. फोन करतो उद्या.